घर आपलें, जागा परक्याची
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून ‘ह्यांत इतिहास तो कोठला?’ असा प्रश्न आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. इतिहास म्हटला म्हणजे गड, लढाया, तह आणि सनदा ह्यांचीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. संगणकावरील संकेतस्थळें हीं तर अगदीं काल-परवांचीं. परंतु इतिहासाला खरा आधार कागदाचा असतो, आणि ज्या कागदाची दुसरी प्रत नाहीं तो जळाला म्हणजे त्याबरोबर भूतकाळाचा तेवढा तुकडाहि कायमचा जातो. गेल्या तीस वर्षांत सामान्य माणसानें आपलें लिखाण, आपल्या दुकानाची माहिती, आपल्या कुटुंबाचीं छायाचित्रें कागदाऐवजीं संकेतस्थळावर ठेवण्यास प्रारंभ केला आहे. त्या लिखाणाच्या प्रती कोणीं ठेविल्या, कोणाच्या राहून गेल्या, आणि ठेवूं म्हणणाऱ्यांनाहि त्या कां ठेवतां आल्या नाहींत, ह्याची हकीकत मी आज सांगणार आहें.

त्यांतहि एका प्रकारच्या साधनांकडे मला आपलें लक्ष विशेषेंकरून वेधावयाचें आहे. संगणकाची भाषा मुळींच न शिकतां, पडद्यावर मजकूर आणि चित्रें नुसतीं उचलून जागच्या जागीं मांडलीं कीं संकेतस्थळ तयार, अशीं साधनें आज सर्वत्र झालीं आहेत. समजा, एखाद्या जुन्या वाचनालयानें आपल्या शताब्दीच्या निमित्तानें असें एक स्थळ उभारलें. त्यावर संस्थेचा इतिहास लिहिला, जुन्या चिटणिसांचीं छायाचित्रें लावलीं, देणगीदारांच्या याद्या दिल्या. हें सारें एका उत्साही तरुणानें चार दिवसांत केलें आणि सर्वांनीं त्याची पाठ थोपटली. दहा वर्षांनीं त्या साधनाचा मालक दुकान बंद करून निघून गेला, तर त्या वाचनालयाच्या हातीं काय उरेल? हा प्रश्न कल्पनेंतला वाटला, तरी तो लक्षावधि माणसांपुढें खरोखरच उभा राहिलेला आहे.

प्रथम आरंभाकडे वळूं. स्वित्झर्लंडमध्यें जिनीव्हा शहराजवळ ‘सर्न’ ह्या नांवाची पदार्थविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. १९९० सालच्या अखेरीस तेथें टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थानें जगांतील पहिला ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळ पाहण्याचें साधन, तयार केलें. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, तें साधन केवळ पाहण्याचें नव्हतें, लिहिण्याचेंहि होतें. ज्या चौकटींत पान वाचावयाचें त्याच चौकटींत तें दुरुस्त करावयाचें, नवें लिहावयाचें, एका शब्दाचा दुसऱ्या पानाशीं दुवा जोडावयाचा, अशी ती योजना होती. परंतु हें साधन ‘नेक्स्ट’ नांवाच्या एका विशिष्ट संगणकावरच चालत असे, आणि तो संगणक फारच थोड्या लोकांपाशीं होता. पुढें इतर संगणकांसाठीं जे ब्राउझर निघाले, त्यांतील बहुतेकांत वाचण्याची सोय राहिली आणि लिहिण्याची गळाली. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत तयार झालेला ‘मोझॅक’ घरोघर गेला, तोहि वाचण्यापुरताच.

ह्याचा परिणाम असा झाला कीं, ज्याला पान लिहावयाचें त्याला एच.टी.एम.एल. ही खुणांची भाषा शिकणें भाग पडलें. ती भाषा कांहीं अवघड नव्हे. येथें परिच्छेद सुरू झाला, येथें मथळा आला, येथें चित्र लावा, अशा सूचना मजकुरांतच कोनदार कंसांत लिहावयाच्या. छापखान्यांतील मुद्रितशोधक समासांत खुणा करतो, तशापैकींच हा प्रकार. कष्ट होते, पण त्या कष्टांच्या पोटीं एक मोठा लाभ दडलेला होता. पान म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल असे. ती लेखकाच्या स्वतःच्या संगणकावर जन्मास येई आणि तेथून ती सर्व्हरवर, म्हणजे जगाला पानें पुरविणाऱ्या संगणकावर, चढवावी लागे. मूळ घरीं आणि नक्कल बाहेर, अशी आपोआपच व्यवस्था झालेली होती. सर्व्हर जळाला तरी लेखकाच्या घरची फाइल दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन ठेविली कीं काम भागे.

असें असूनहि प्रत ठेवण्याची बुद्धि माणसाला सहजासहजीं होत नाहीं. स्वतः बर्नर्स-ली ह्यांनीं लिहिलेलें जगांतील पहिलें पान वरचेवर सुधारलें जात होतें, आणि प्रत्येक नवी आवृत्ति जुनीवरच लिहिली जात होती. २०१३ सालीं जेव्हां सर्नला आपल्या ह्या पहिल्या स्थळाचा जीर्णोद्धार करावासा वाटला, तेव्हां त्यांच्या हातीं होती ती सर्वांत जुनी प्रत १९९२ सालची. अगदीं आरंभींची कोणींच राखलेली नव्हती. ज्या घरांत संकेतस्थळाचा जन्म झाला त्याच घरांत त्याचें जन्मटिपण सांपडेना, ह्याहून अधिक बोलका पुरावा कोणता हवा?

आतां दुसऱ्या टप्प्याकडे येऊं. १९९४ सालच्या अखेरीस अमेरिकेंत, दक्षिण कॅलिफोर्नियांत, डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर ह्या दोघांनीं ‘बेव्हर्ली हिल्स इंटरनेट’ नांवाची एक लहानशी कंपनी काढली. पुढच्या वर्षीं तिनें मागेल त्याला संकेतस्थळासाठीं फुकट जागा देऊं केली, आणि थोड्याच काळांत तिचें नांव ‘जिओसिटीज्’ असें झालें. जागा वांटण्याची तिची रीत मोठी मनोरंजक होती. सारें स्थळ म्हणजे एक कल्पित शहर, आणि त्यांत निरनिराळे मोहल्ले. चित्रपटांचा शौक असेल त्यानें ‘हॉलीवुड’मध्यें राहावें, पैशाच्या उलाढालींत रस असेल त्यानें ‘वॉल स्ट्रीट’वर, विद्याव्यासंगी माणसानें ‘अथेन्स’मध्यें, आणि अद्भुत विज्ञानकथांच्या वाचकानें ‘एरिया फिफ्टीवन’मध्यें. प्रत्येकाच्या पत्त्यांत मोहल्ल्याचें नांव आणि घराचा क्रमांक असे. १९९७ च्या अखेरीपर्यंत ह्या शहराची लोकसंख्या दहा लक्षांवर गेली.

ह्या रहिवाशांना ‘होमस्टेडर’ असें म्हणत. हा शब्द अमेरिकेच्या इतिहासांतला आहे. १८६२ सालच्या कायद्यानें तेथील सरकारनें पश्चिमेकडील पडीक जमीन वसाहतवाल्यांना देऊं केली. १६० एकरांचा तुकडा घ्यावा, त्यावर घर बांधून पांच वर्षें जमीन कसावी, म्हणजे ती त्याच्या मालकीची होई. जिओसिटीज्‌च्या रहिवाशांना नांव हें मिळालें, पण पांच वर्षें राहून मालकी मात्र मिळावयाची नव्हती. त्यांची स्थिति आपल्या मुंबईच्या चाळींतील बिऱ्हाडासारखी होती. खोली सारवली, रंगवली, दाराला तोरण बांधलें, तरी भिंती मालकाच्याच. त्यांतून येथें भाडेंहि नव्हतें, आणि भाडें नाहीं म्हणून पावती नव्हती.

ह्या गोष्टीचा प्रत्यय लवकरच आला. १९९९ च्या जानेवारींत ‘याहू’ कंपनीनें सुमारें साडेतीन अब्ज डॉलर किंमतीला जिओसिटीज् विकत घेण्याचा करार जाहीर केला. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत तिनें नव्या अटी लागू केल्या, आणि त्यांतील एका कलमाचा अर्थ असा निघत होता कीं, रहिवाशांनीं तेथें ठेविलेल्या मजकुरावर आणि चित्रांवर कंपनीला अत्यंत विस्तृत हक्क मिळावेत. एकच गहजब उडाला. कित्येकांनीं आपलीं पानें पुसून टाकलीं, कित्येकांनीं निषेधार्थ त्यांचे रंग उडवून तीं भुताटकीच्या घरासारखीं उदास करून ठेविलीं. कंपनीला माघार घेऊन अटी बदलाव्या लागल्या. हा भाडेकरूंचा विजय खरा. परंतु घर फिरलें कीं घराचे वासेहि फिरतात, ही सूचना त्यांतून मिळाली होती, आणि ती फार थोड्यांनीं मनावर घेतली.

ह्याच काळांत आपल्या विषयाशीं निकटचा असा एक बदल घडत होता. खुणांची भाषा शिकण्याचे कष्ट वांचावेत म्हणून जिओसिटीज्‌नें आपल्या रहिवाशांना पडद्यावरच पान मांडण्याचें साधन दिलें. याहूच्या काळांत तें ‘पेजबिल्डर’ ह्या नांवानें प्रसिद्ध होतें. चित्र उचलावें, हवें तेथें ठेवावें, अक्षरांना रंग द्यावा, कीं पान झालें. ही सोय अमोल होती, ह्यांत शंका नाहीं. तिच्यामुळें ज्यांना एरवीं कधींच लिहितां आलें नसतें अशा अनेकांनीं आपलीं पानें लिहिलीं. पण पूर्वीं मूळ फाइल लेखकाच्या घरीं जन्मास येत होती, ती आतां मालकाच्या सर्व्हरवर जन्मास येऊं लागली. मूळ आणि नक्कल हा भेदच मावळला. दोन्ही एकाच ठिकाणीं आलीं, आणि तें ठिकाण परक्याचें होतें.

२००९ च्या एप्रिलमध्यें याहूनें जाहीर केलें कीं जिओसिटीज् बंद करण्यांत येईल. रहिवाशांनीं आपलीं पानें उतरवून घ्यावींत, नाहीं तर कंपनीच्याच पैसे देऊन मिळणाऱ्या जागेंत बिऱ्हाड हलवावें. २६ ऑक्टोबर २००९ रोजीं तें शहर बंद झालें. त्या वेळीं तेथें निदान तीन कोटी ऐंशीं लक्ष पानें होतीं, असें सांगतात. सहा महिन्यांची मुदत थोडी नव्हे. पण ज्यांनीं दहा-दहा वर्षांपूर्वीं पान करून ठेविलें होतें, ज्यांचे पत्ते बदलले होते, जे निवर्तले होते, त्यांना ही नोटीस पोंचावी कशी? आईच्या स्मरणार्थ लिहिलेलीं पानें, लहान वयांत गेलेल्या मुलांचीं छायाचित्रें, दुर्मिळ रोगांविषयीं रोग्यांनीं स्वतः जमविलेली माहिती, असेंहि पुष्कळ त्या शहरांत होतें, आणि त्या पानांचे धनी कित्येकदां उत्तर देण्याच्या पलीकडे गेलेले होते.

अशा वेळीं कांहीं परकीं माणसें धांवून आलीं. जेसन स्कॉट ह्या अमेरिकन गृहस्थानें त्याच वर्षाच्या आरंभीं ‘आर्काइव्ह टीम’ ह्या नांवाचा स्वयंसेवकांचा एक मेळा जमविला होता. त्यांनीं मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून, एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात, हातीं लागतील तेवढीं पानें उतरवून घेतलीं, आणि पुढच्या वर्षीं सहाशेंहून अधिक गिगाबाइटांचा तो संग्रह सर्वांना खुला केला. सॅन फ्रान्सिस्कोमधील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही ब्रूस्टर काह्ल ह्यांनीं १९९६ सालीं स्थापिलेली संस्थाहि ह्या कामीं होती. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरचीं दप्तरें कसरीच्या तोंडून सोडविलीं. त्या परंपरेची आठवण व्हावी असेंच हें कार्य होतें. त्या संग्रहाच्या आधारें आज विद्वान् लोक त्या काळच्या सामान्य माणसाची आवड, भाषा आणि सजावट ह्यांचा अभ्यास करीत आहेत. जपानमधील जिओसिटीज् मात्र वेगळ्या कंपनीकडे होतें; तें आणखी दहा वर्षें टिकून ३१ मार्च २०१९ रोजीं बंद झालें.

आतां कोणी म्हणेल, मूळ परक्याच्या घरीं ठेवण्यांतच चूक झाली. साधन आपल्या संगणकावर असतें तर हा प्रसंग आला नसता. तोहि प्रयोग होऊन गेलेला आहे. १९९५ सालीं व्हर्मीर टेक्नॉलॉजीज् ह्या कंपनीनें ‘फ्रंटपेज’ नांवाचें साधन काढलें आणि लगोलग, १९९६ च्या जानेवारींत, मायक्रोसॉफ्टनें ती कंपनीच विकत घेतली. फ्रंटपेज आपल्या संगणकावर चाले, फाइली आपल्यापाशींच राहत. परंतु त्यांतील अभिप्रायाचे तक्ते, भेटी मोजणारे आंकडे, शोध घेण्याच्या चौकटी, हें सारें सर्व्हरवर त्याच कंपनीचा एक विशिष्ट जोडभाग बसविलेला असेल तरच चालत असे. हा जोडभाग काळाआड गेला तेव्हां पानें राहिलीं, पण त्यांतील चालतीं-बोलतीं अंगें लुळीं पडलीं.

ॲपल कंपनीचें ‘आयवेब’ ह्याहून बोधप्रद आहे. २००६ च्या जानेवारींत निघालेलें हें साधन इतकें देखणें होतें कीं, पुष्कळ कुटुंबांनीं त्यांत आपल्या प्रवासांचीं आणि समारंभांचीं पानें केलीं व कंपनीच्याच सर्व्हरवर ठेविलीं. तो सर्व्हर ३० जून २०१२ रोजीं बंद झाला. आयवेबमधून सर्व पानें आपल्या संगणकावरील एका फोल्डरमध्यें उतरवितां येत होतीं, ही जमेची बाजू. परंतु हीं उतरविलेलीं पानें आयवेबला पुन्हां उघडतां येत नसत! त्याला हवी असे ती स्वतःच्या खासगी घडणीची मूळ फाइल. ती हरवली, अथवा नव्या संगणकावर नेण्याची राहून गेली, म्हणजे पान वाचतां येई पण त्यांतील एक शब्दहि त्या साधनांत बदलतां येत नसे. माल हातांत, आणि सांचा गेलेला. म्हणजे प्रत दोन प्रकारची असते: एक वाचण्याची आणि एक पुढें काम चालविण्याची. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळाली, असें समजूं नये.

मराठी माणसाला तर आणखी एक धडा मिळालेला आहे. १९९०-२००० च्या दरम्यान मराठी संकेतस्थळें निघूं लागलीं तेव्हां संगणकांत देवनागरीची सर्वमान्य व्यवस्था रुळलेली नव्हती. म्हणून युक्ति अशी करीत कीं, आंतून इंग्रजी अक्षरांचेच संकेत वापरावयाचे, आणि एक विशेष फॉन्ट देऊन त्या अक्षरांचीं चित्रें तेवढीं देवनागरी दाखवावयाचीं. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा, आणि कोणत्या इंग्रजी अक्षराला कोणतें मराठी अक्षर, हा करारहि निराळा. पुढें युनिकोड ही जागतिक पद्धति रूढ झाली आणि हे फॉन्ट मागें पडले. आज त्या काळचें एखादें पान कोणीं जिवापाड जपून ठेविलेलें असलें, तरी फॉन्ट जवळ नसेल तर पडद्यावर उमटतो तो इंग्रजी अक्षरांचा निरर्थक खच. प्रत आहे, अक्षर न् अक्षर शाबूत आहे, आणि तरीहि ती वाचतां येत नाहीं. मोडी वाचणारा न उरल्यावर दप्तराची जी गति होते, तीच ही गति. फरक इतकाच कीं, तेथें दोनतीनशें वर्षें लागलीं, येथें पंधरा पुरलीं.

ह्यानंतर आपण आजच्या साधनांपाशीं येतों. २००३ ते २०१३ ह्या दहा वर्षांत स्क्वेअरस्पेस, विक्स, वीब्ली, वेबफ्लो अशीं अनेक साधनें उदयास आलीं. त्यांत आणि जुन्या साधनांत एक मूलभूत भेद आहे. जुन्या काळीं पान ही फाइल होती. आज बहुधा पान असें कोठेंच ठेविलेलें नसतें. मजकूर एका कोठारांत, चित्रें दुसऱ्या, मांडणीचे नियम तिसऱ्या ठिकाणीं. वाचकानें पत्ता उघडला कीं त्या क्षणीं सर्व सामग्री एकत्र येऊन पान रचलें जातें. नाटकाची उपमा दिली तर हें चटकन् ध्यानांत येईल. मजकूर आणि चित्रें ही नाटकाची संहिता. रंग, अक्षरांचें वळण आणि मांडणी हें नेपथ्य. आणि मागणी नोंदविण्याचा तक्ता, विक्रीचें दुकान, शोधाची चौकट हीं रंगभूमीवर वावरणारीं पात्रें. आपण पाहतों तो प्रयोग. ‘माझें स्थळ मला द्या’ असें मालकाला म्हटलें, तर तो ह्या तिहींपैकीं काय देतो, हें विचारावयास हवें.

विक्सचें उत्तर सरळ आहे: तेथें बांधलेलें स्थळ तेथेंच चालावयाचें, तें उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेतां येत नाहीं. हेंच साधन आरंभीं फ्लॅश ह्या तंत्रावर उभें होतें आणि २०१२ मध्यें तें एच.टी.एम.एल.च्या नव्या रूपाकडे वळलें. फ्लॅशचा आधार पुढें २०२० च्या अखेरीस सर्वत्रच संपला. स्क्वेअरस्पेस संहितेचा बराचसा भाग वर्डप्रेस ह्या दुसऱ्या पद्धतीला समजेल अशा फाइलींत देतें, पण नेपथ्य देत नाहीं आणि दुकानाचीं पानें त्या फाइलींत येत नाहींत. वेबफ्लोची रीत उलट: पैसे भरणाऱ्या ग्राहकाला तें नेपथ्य उत्तम रीतीनें, स्वच्छ फाइलींच्या रूपानें देतें, परंतु कोठारांतील लेख त्याबरोबर आपोआप येत नाहींत, ते निराळ्या तक्त्याच्या रूपानें उतरवून घ्यावे लागतात, आणि अभिप्रायाचे तक्तेहि बाहेर गेल्यावर काम करीत नाहींत. एकाकडे संहिता मिळते, एकाकडे नेपथ्य मिळतें. संपूर्ण नाटक बाहेर नेतां येत नाहीं.

वर्डप्रेस हें २००३ सालीं निघालेलें, सर्वांना खुलें असें साधन. तें आपण आपल्या पसंतीच्या सर्व्हरवर ठेवूं शकतों, म्हणून तेथें तरी भय नाहीं असें पुष्कळांना वाटतें. कोठाराची आणि फाइलींची प्रत घेतली तर स्थळ अन्यत्र उभें करतां येतें, हें खरेंच. पण त्यावर जेव्हां चित्रमय मांडणीचा जोडभाग बसवितात तेव्हां तीच अडचण मागच्या दारानें आंत शिरते. कांहीं जोडभाग आपल्या मांडणीच्या खुणा लेखाच्या मजकुरांतच चौकोनी कंसांत पेरून ठेवितात. तो जोडभाग काढला, कीं पंचवीस वर्षांच्या कार्याचा अहवाल चौकोनी कंसांच्या काट्याकुट्यांतून वाचावा लागतो.

मग ह्या कंपन्या लबाड आहेत काय? तसें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या कारणानें प्रत काढणें अवघड होतें, त्याच कारणानें सोयहि होते. सर्व्हर त्यांचा, कोठार त्यांचें, म्हणूनच चोरांपासून रक्षण, दुरुस्ती, नव्या यंत्रांशीं जुळवून घेणें ह्यांची काळजी त्या वाहतात आणि वाचनालयाच्या तरुणाला चार दिवसांत स्थळ उभें करतां येतें. परंतु भाडेकरूला सामान हलवितां आलें नाहीं कीं मालकाचें फावतें, हेंहि तितकेंच खरें. युरोपांत २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानें व्यक्तीला आपली वैयक्तिक माहिती यंत्राला वाचतां येईल अशा रूपांत मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. तोहि माहितीपुरता, मांडणीला तो लागू पडत नाहीं. आपल्याकडे २०१९ च्या मसुद्यांत असा हक्क होता. २०२३ सालीं जो कायदा झाला त्यांत त्याला स्थान मिळालें नाहीं. तेव्हां आपली सोय आपणच पाहिली पाहिजे.

ती पाहणें फारसें कठीण नाहीं. पहिली गोष्ट, संहिता कधींहि साधनाच्या आंतच लिहूं नये. लेख प्रथम आपल्या संगणकावर, साध्या मजकुराच्या फाइलींत आणि युनिकोडमध्यें लिहावा. छायाचित्रें मूळ आकारांत, त्यांत कोण कोण आहेत ह्या टिपणासह, निराळीं ठेवावींत. दुसरी, स्थळाचा पत्ता, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात तें नांव, साधनाच्या मालकाच्या नांवानें नव्हे, तर संस्थेच्या नांवानें नोंदवावें. बिऱ्हाड बदललें तरी पाटी तीच राहते आणि येणाऱ्याला घर सांपडतें. तिसरी, मालक जी कांहीं प्रत देत असेल ती वर्षांतून दोनदां तरी घ्यावी. चौथी, प्रयोगाचीं छायाचित्रें घ्यावींत; म्हणजे १९९६ पासून प्रचारांत असलेल्या ‘डब्ल्यूगेट’सारख्या साधनानें वाचकाला दिसतात तशीं पानें उतरवून घ्यावींत, अथवा इंटरनेट आर्काइव्हला तीं टिपून घेण्यास सांगावें. छायाचित्रांतलीं पात्रें हलत-बोलत नाहींत, पण प्रयोग कसा झाला होता हें तरी पुढच्यांना कळतें.

आणि पांचवी गोष्ट, जी बहुतेक विसरतात. ही प्रत एकदां दुसऱ्या संगणकावर, इंटरनेटची जोडणी तोडून, उघडून पाहावी. पुष्कळदां असें दिसतें कीं, पान उघडतें पण चित्रांच्या जागा रिकाम्या राहतात. कारण प्रतींत चित्रें आलेलींच नसतात, आला असतो तो मालकाच्या सर्व्हरवरील त्यांचा पत्ता. मालक आहे तोंवर हें वैगुण्य झांकलेलें राहतें, आणि तो गेल्याच दिवशीं उघडें पडतें. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, ती केवळ आशा होय.

पहिल्या पानाची गोष्ट मीं मघाशीं अर्धीच सोडली. सर्ननें २०१३ सालीं जुन्या प्रतींचा शोध चालविला तेव्हां अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतून पॉल जोन्स ह्या प्राध्यापकांनीं कळविलें कीं, आपल्यापाशीं १९९१ सालची एक प्रत आहे. त्या वर्षीं बर्नर्स-ली त्यांच्या भेटीस गेले असतां त्यांनीं ती दिली होती, आणि जोन्स ह्यांनीं ती आपल्या संगणकावर ठेवून दिली होती. ज्यानें पान लिहिलें त्याच्या घरीं ती राहिली नाहीं. समुद्रापलीकडच्या एका स्नेह्याच्या घरीं राहिली. तीहि कांहीं मोठ्या योजनेनें नव्हे, तर कोणीं तरी आठवणीनें दिली आणि कोणीं तरी टाकून दिली नाहीं, एवढ्यानेंच.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या संस्थेचें, आपल्या घराण्याचें, आपल्या दुकानाचें असें एखादें स्थळ असेल, तर येत्या रविवारीं अर्धा तास काढून त्याची एक प्रत उतरवा, ती उघडून पाहा, आणि दुसरी प्रत परगांवच्या एखाद्या आप्ताकडे ठेवावयास द्या. कोणतीहि कंपनी अमरपट्टा बांधून आलेली नाहीं. आणि शहर बंद होण्याची दवंडी पिटली जाईल त्या दिवशीं आपण घरीं असूंच, असेंहि नाहीं.